आठवं खोकं

सोमवार, ६ मार्च

प्रिय ओरेली,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की गोदबूंनी कारखान्यात आणलेला ओस्तींचा डबा कातरणात "ओतला गेला". ते चुकीचं आहे. डबा मी ओतला. सकाळी साडेदहाच्या सुमारास, सोबत काम करणारी उगेत कॉफी प्यायला गेलेली असताना, कुणीही न सांगता. डबा सीलबंद होता असंही मी लिहिलं होतं. तेही खरं नाही. झाकणाभोवती चिकटपट्टी होती, आणि ती एकदा काढून पुन्हा लावलेली होती, कारण खाली जुन्या पट्टीचे तंतू दिसत होते. मला ते तेव्हाच दिसले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आई आपल्याला व्याकरण शिकवायची, तेव्हा "मोडलं गेलं", "सांडलं गेलं" अशा वाक्यांखाली ती लाल रेघ मारून समासात "कोणी?" असं लिहायची, आणि उत्तर म्हणून तू दर वेळी मांजराचं नाव लिहायचीस. मी माझं लिहायचे, पुष्कळदा सांडलेलं माझं नसतानाही. या वेळी माझं होतं आणि मी लिहिलं नाही, म्हणून सुरुवात तिथून केली.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "म्हणजे देव तुमच्या गोदामात हरवला. सापडला की कळव," एवढंच. मी वाचून हसले, आणि हसले म्हणूनच तुला फोन केला नाही. फोनवर तू हसतेस, मग मी हसते, आणि ज्यासाठी फोन केला तो विषय तिथेच राहतो. कागदावर मला कुणी हसवत नाही. तेव्हा सगळं क्रमाने लिहिते, आणि जे मला नक्की माहीत नाही तिथे तसं लिहिते.

तू घर सोडलंस तेव्हा कारखाना सिस्टरांचा होता. आता मठाशेजारच्या त्याच इमारतीत त्रेपानिए मालक आहेत, पण काम तेच आहे. मैदा आणि पाणी कालवायचं, दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये पातळ पान भाजायचं, कापताना तडकू नये म्हणून ते दमट खोलीत ठेवायचं आणि मग साच्याने गोल ओस्ती कापून घ्यायच्या. ओस्ती मोजून चर्चमध्ये जातात, मिस्सेत वाटायला. भोकं पडलेलं जे पान उरतं ते कातरण पुड्यांत भरून दुकानात जातं, बटाट्याच्या वेफर्सशेजारी. एकाच पानातलं वर्तुळ वेदीवर जातं आणि वर्तुळाभोवतीचं लोक टीव्हीसमोर बसून खातात. याचं नवल बाहेरून आलेल्यांना वाटतं, आपल्याला कधी वाटलं नाही. आईने आपल्याला एकच फरक शिकवला होता: शब्द झालेली ओस्ती आणि शब्द न झालेली. फादरांनी वेदीवर ते शब्द उच्चारले की ती ख्रिस्ताचं शरीर, तोवर मैदा आणि पाणी. बघून, चाखून किंवा वजन करून फरक कळत नाही, हे सांगताना आईचा आवाज अपूर्णांक शिकवताना असायचा तसाच असायचा. त्यामुळे मला लहानपणी ते अवघड वाटलंच नाही.

पॅकिंगला माझ्याबरोबर उगेत असते. एकसष्ट वर्षांची आहे, त्यातली तीस इथेच गेली. आपल्याकडच्या शिव्या सगळ्या वेदीवरच्या वस्तूंच्या, आणि उगेत त्या सगळ्या वापरते. त्यातही "ओस्ती" सगळ्यांत जास्त. पहिल्या आठवड्यात ती माल मागते आहे की चिडली आहे हेच मला कळत नसे. "ओस्ती, ते ओस्तीचं खोकं सरकव की इकडे, ओस्ती." मी एकदा भीत भीत म्हटलं, निदान या इमारतीत तरी नको. ती म्हणाली, "अगं बाळ, मी दिवसातून शंभरदा त्याची आठवण काढते. तुझ्या गावातले ते शहाणे वर्षातून एकदा तरी काढतात का?" मी खोकं सरकवलं. तिच्या हिशेबात चूक काढता येत नव्हती.

आता डब्याबद्दल. नदीपलीकडच्या सँ-गोतिए चर्चमध्ये २९ जानेवारीला शेवटची मिस्सा झाली. इमारत नगरपालिकेने घेतली आहे आणि तिथे दोर बांधून भिंतीवर चढायच्या खेळाचं सभागृह होणार आहे. रेआल गोदबू तुला आठवत असतील, उंच, वाकलेले, त्या चर्चचे चाळीस वर्षांचे विश्वस्त. किल्ल्या, मेणबत्त्या, वेदीवरची कापडं, सगळं त्यांनीच आवरलं. भिंतीवर रंगीत खुंट्या ठोकणाऱ्या पोरांना ते रोज कॉफी नेऊन देतात असं ऐकलं. ९ फेब्रुवारीला, गुरुवारी, ते उरलेला माल परत द्यायला आले. आमच्याच तीन सीलबंद पेट्या होत्या, आणि त्यांवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, त्यात सुट्या ओस्ती, अंदाजे दोनशे. मी म्हटलं, सील नसलेला माल आम्हाला घेता येत नाही. ते म्हणाले, "घेऊ नका. फक्त फेकू नका. मला फेकवत नाहीत म्हणून तर आणल्या." मी विचारलं, या कुठल्या? "मागच्या खोलीतल्या. कपाटातल्या."

त्या खोलीत कपाटं दोन आहेत, एक नव्या मालाचं आणि एक शब्द झालेल्या ओस्ती आजाऱ्यांकडे न्यायच्या डबीचं, हे मला माहीत होतं. तरी मी पुढचं विचारलं नाही. बाहेर त्यांची गाडी सुरू होती, आणि विचारणं म्हणजे संशय घेणं असं मला वाटलं. ते गेल्यावर डबा टेबलावर राहिला. फेकायला माझाही हात होईना, आणि ठेवून घेणं नियमात बसत नव्हतं. समोर कातरण मिसळायचा ढोल फिरत होता. मी डबा त्यात उपडा केला. त्या क्षणी मला हा फार शहाणपणाचा मार्ग वाटला होता, कारण त्यात काही वाया गेलं नाही आणि कुणाला नाही म्हणावं लागलं नाही. ढोलात निम्म्याअधिक ओस्ती मोडतात. दुपारपर्यंत सगळं पुड्यांत गेलं: शहाण्णव पुड्या, आठ खोकी.

२० तारखेला गोदबू पुन्हा आले. त्यांना डबा हवा होता, तो त्यांच्या वारलेल्या बायकोचा होता. मी धुऊन ठेवलेला डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "आणि आजाऱ्यांच्या होत्या त्यांचं काय केलंत?"

दर गुरुवारी ते वृद्धनिवासात ओस्ती घेऊन जायचे. रविवारच्या मिस्सेत शब्द झालेल्या, एका गोल पितळी डबीतून. जानेवारीच्या मध्यात निवासात फ्लू शिरला आणि बाहेरच्यांना बंदी झाली. म्हणजे त्या आठवड्याच्या तीसेक ओस्ती त्यांच्याकडे राहिल्या. शेवटच्या मिस्सेला फादरांनी वेदीवरच्या पेटीतल्या सगळ्या स्वतः खाऊन संपवल्या. पितळी डबी गोदबूंनी परत केली ती स्वच्छ आणि रिकामी. मधल्या काळात त्या तीस कुठे होत्या ते कुणालाच माहीत नाही. मी विचारलं, म्हणजे शब्द झालेल्या या डब्यात होत्या? त्यांनी झाकण पुन्हा लावलं. मग म्हणाले, "असं मी म्हटलं का?" हो, आत्ताच. "मग मी खाल्ल्या असतील त्या. खाल्ल्याच असणार. मी असं कसं करेन?" थोड्या वेळाने दाराशी थांबून म्हणाले, "आमच्या मुलाला सांगू नका हं. तो आधीच गाडीच्या किल्ल्या मागतोय." दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी जाऊन पुन्हा विचारलं, तर त्यांना मी कशाबद्दल बोलते आहे तेच कळेना, आणि त्यांनी मला डब्यातली बिस्किटं दिली. त्यांच्याकडून याहून जास्त कधी कळणार नाही. हे मी लिहिते आहे ते मान्य केलं आहे म्हणून. एक आठवडा मी मान्य केलं नव्हतं.

त्याच २२ तारखेला, राखेच्या बुधवारी, मी फादर आंसेल्मना गाठलं. सात गावांचे ते एकटेच फादर. किन्शासाहून आले त्याला सहा वर्षं झाली, आणि ते गाडीच्या काचेवरचा बर्फ आपल्या बाबांपेक्षा चांगला खरवडतात. तेच करत होते. मी राख लावलेल्या कपाळाने शेजारी उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "शब्द झालेल्या होत्या हे नक्की?" नाही. "नव्हत्या हे नक्की?" नाही. "मग तुझ्यावर सक्ती कसलीच नाही. तुला चैन पडत नसेल तर मिळतील त्या पाण्यात घाल. ओस्तीसारखं काही दिसेनासं झालं की मातीत ओत." मी म्हटलं, आणि विकल्या गेल्या त्या? त्यांनी खरवडणं थांबवलं. "लोकांनी खाल्ल्या ना? मग त्या जायच्या तिथेच गेल्या." मला हे उत्तर फार सोपं वाटलं आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण ते म्हणाले, "पोरी, तू कबुलीजबाबाला येतेस तेव्हा मला वाटतं मीच काहीतरी करून बसलोय. नीट जेवतेस ना?" मी म्हटलं, आज उपास आहे. "आज सोडून विचारतोय."

त्यांनी मला मोकळं केलं होतं, पण मी मोकळी झाले नाही. तू याला माझा आजार म्हणतेस आणि मी त्यावर वाद घालत नाही. मी त्रेपानिएंकडे गेले आणि म्हटलं, नऊ तारखेचा माल परत मागवायचा आहे. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, ओरेली. ते चर्चला जात नाहीत आणि ओस्तीचा माल एकदाही कमी भरला गेलेला नाही. (मी भरते. कमी भरलेला नाही.) त्यांनी अन्न खात्याचा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. माल परत मागवण्याचं कारण, आणि खाली चौकोन: काच, धातू, बुरशी, ॲलर्जी, लेबलातली चूक, सील नसलेला माल, इतर. उगेत माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "लेबलातली चूक. बाहेर लिहिलंय गव्हाचे कुरकुरीत तुकडे आणि आत निघाला येशू." त्रेपानिए हसले नाहीत, मग हसले. मग म्हणाले, "सील नसलेला माल मिसळला. खरं आहे की नाही?" खरं आहे. "मग त्यावर खूण कर." मी म्हटलं, खरं आहे, पण ते कारण नाही. ते म्हणाले, "ब्लांदीन, फॉर्मला तुझं कारण नकोय. माल परत यायला पुरेल एवढं कारण हवंय." त्या दिवशी मला लेखी समजही मिळाली, सील नसलेला माल घेतल्याबद्दल. ती योग्यच आहे.

मी खूण केली आणि सही केली. कागदावर गोदबूंचं नाव कुठेही आलं नाही, देवाचंही नाही, आणि एका आठवड्यात माल परत यायला लागला. कुणी एक प्रश्न विचारला नाही. इतकं सोपं होतं ते. मी काही खोटं लिहिलं नव्हतं, तरी दुकानदारांनी "बरं झालं वेळेवर कळवलंत" म्हटलं की मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नसे.

पाच खोकी गोदामातून बाहेर गेलीच नव्हती. सहावं किराणा दुकानातून आलं, सातवं पेट्रोल पंपावरच्या दुकानातून. त्या दोन्हींत मिळून नऊ पुड्या कमी होत्या. बाकीचं सगळं मी घरच्या तळघरात आणून बादल्यांत भिजवलं. तुला वाटेल दहा मिनिटांचं काम. कातरण आधी फुगतं, मग त्याची पेज होते, पण कडा कितीतरी वेळ कडाच राहतात. उगेत एका शनिवारी मदतीला आली, बाह्या सरसावून लाकडी पळीने ढवळत राहिली आणि तासाभरात एकही शिवी दिली नाही. जाताना म्हणाली, "मला काय, मी कशावर विश्वास ठेवत नाही. पण ढवळताना बोलू नये एवढं कळतं." बादल्या झाकून ठेवल्या आहेत. जमीन अजून हातभर गोठलेली आहे, त्यामुळे मातीत ओतायचं ते बर्फ वितळल्यावरच.

नऊ पुड्यांपैकी एक सापडली. ती आपल्या घरात होती. मी कचरा बाहेर न्यायला गेले तर आईच्या खुर्चीशेजारी पुडी, अर्धी रिकामी, वर मोडलेली घडी, आणि मागे तारीख नऊ फेब्रुवारी. आईने ती नेहमीसारखी किराण्यातून आणली होती आणि रविवारी हॉकी बघताना खाल्ली होती. मला सांगावं लागलं. आईने शिवण खाली ठेवलं, सगळं ऐकून घेतलं, गोदबूंचं नाव आलं तेव्हा मान हलवली, आणि मग विचारलं, "खेळ किती वाजता सुरू झाला होता?" सात. "आणि आपण जेवलो कधी?" सव्वासहा. ती बोटांवर मोजायला लागली, आणि मला कळायला थोडा वेळ लागला. ओस्ती घेण्याआधी तासभर काही खायचं नाही हा नियम मोडला का, ते ती बघत होती. "मी पुडी पहिल्या विश्रांतीत उघडली," ती शेवटी म्हणाली, "म्हणजे तास झाला होता," आणि तिने शिवण पुन्हा उचललं. एवढ्यावर तिचं समाधान झालं.  इतकी वर्षं मी समजत होते की माझी बारीक मोजणी मी तिच्याकडून घेतली. पण ती मोजते आणि मोजून झालं की थांबते. थांबायचं तेवढं मी शिकले नाही.

त्या संध्याकाळी मला शेडमधली मिस्सा आठवली. तू दहाची, मी सहाची. तू टेबलावरचं पांढरं कापड अंगावर घेतलं होतंस, अंडं खायचा पेला वेदीवर ठेवला होतास, आणि कातरणाचा एक तुकडा दोन्ही हातांनी उचलून ते शब्द म्हटलेस, एकही न चुकता, कारण आईने आपल्याला ते पाठ करून घेतले होते. मी तो तुकडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुसरं काही तोंडात घेतलं नाही. आईला कारण कळल्यावर तिने आपल्याला टेबलाशी बसवून सांगितलं की शब्द म्हणायला दीक्षा घेतलेला फादर लागतो, तुम्ही केलात तो खेळ. तू विचारलंस, "पण हा खेळ आहे हे ओस्तीला कसं कळतं?"  आईने उत्तर म्हणून तुला भागाकाराची वीस गणितं जास्त दिली. पाच वर्षांनी तू आईकडे घरी शिकणं सोडून सरकारी शाळेत जायचं म्हणून हट्ट धरलास, तेव्हा बाबा म्हणाले होते की ही त्या वीस गणितांचा सूड घेते आहे. मला अजून वाटतं तुझा प्रश्न बरोबर होता. फक्त तू तो टोमणा म्हणून विचारला होतास, आणि मी तेव्हापासून त्याच्याबरोबर राहते आहे.

तू आता तशाच सरकारी शाळेत शिकवतेस, जिथे भिंतीवर क्रूस चालत नाही आणि शिकवणाऱ्याच्या गळ्यातही नाही. तुला ते पटतं, की फळा सगळ्यांचा असावा. मलाही, खरं सांगायचं तर, बरंचसं पटतं. पण तुमच्याकडे शिकवायला यायची होती त्या यास्मिनाबद्दल तू लिहिलं होतंस, जिला डोक्यावरचा स्कार्फ काढायला सांगितला आणि ती मग आलीच नाही. "एवढ्याशा कापडात काय आहे, असं विचारणाऱ्यांनाच ते कापड सगळ्यांत जास्त दिसतं," असं तू लिहिलंस. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. तू रागाने लिहिलं होतंस, आणि तुझ्या रागात मला नेहमी माझ्यापेक्षा जास्त नेमकेपणा दिसतो.

आता राहिलं ते लिहिते. आठवं खोकं तुझ्याकडे आहे. जानेवारीत तू लिहिलं होतंस की वर्गात वारसा दिन आहे, मुलांना आपल्या लहानपणचं काहीतरी खायला द्यायचंय, "देव वगळून जे उरतं त्यातलं काहीतरी", आणि कातरणाहून बरं काय असणार. १३ फेब्रुवारीला मी गोदामातलं समोरचं खोकं उचलून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवलं. बावीस तारखेला तुला पहिलं पत्र लिहिताना ते कुठल्या तारखेचं होतं हे मला माहीत होतं. मी लिहिलं नाही. तू हसून सोडून देशील आणि तुझ्या हसण्याने माझंही सुटेल, अशी आशा होती. त्रेपानिएंनी तुझ्या शाळेच्या नावानेही ते छापील पत्र तयार केलं आहे, सील नसलेला माल, खोकं न उघडता परत करावं. ते गेले दहा दिवस माझ्या पर्समध्ये आहे. पोस्टात टाकलं असतं तर तुमच्या ऑफिसने खोकं निमूट परत पाठवलं असतं आणि तुला कधी कळलंही नसतं. दुकानदारांना मी ते कारण दिलं. तुला देववत नाही. तुझ्या वर्गात चोवीस मुलं आहेत आणि तू त्यांची नावं मला लिहिली आहेस, त्यातली निम्मी आपल्या चर्चच्या वाऱ्यालाही उभी राहत नसतील. फादर म्हणाले तसं त्यांनी खाल्लं तर ते जायचं तिथेच गेलं, असं मला त्यांच्याबाबतीत म्हणता येत नाही, कारण त्यांच्या आईबापांना कुणी विचारलेलं नाही. आमच्यासाठी जे सगळ्यांत मोठं आहे ते एखाद्याच्या मुलाला खाऊ म्हणून, न सांगता भरवणं, हे मला देवापेक्षा त्या मुलांशी वाईट वागणं वाटतं. आणि तीसपैकी एकही त्या खोक्यात नसेल तर हे सगळं मैदा आणि पाणी आहे, तेही मला माहीत आहे. तुझा वारसा दिन शुक्रवारी, सतराला. मी दुसरं खोकं भरून ठेवलं आहे, मागच्या आठवड्यातलं, प्रत्येक पान मी स्वतः कापलेलं. दिसायला, चवीला, वजनाला अगदी तेच; मुलांना काही कमी पडणार नाही. तू हो म्हणालीस तर खोकी बदलू. नको म्हणालीस तर मी आणलेलं घेऊन परत जाईन, वर्ग तुझा आहे, आणि हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले. तोवर ते खोकं ठेवलेलं कपाट उघडू नकोस, एवढंच मागते. माझी रजा मंजूर झाली आहे आणि बसचं तिकीट काढलं आहे. तुझी शाळा सुटते तेव्हा, साडेतीन वाजता, मी फाटकाशी असेन: गुरुवारी, १६ मार्चला.

तुझीच धाकटी,
ब्लांदीन